नाही म्हणायचा वर्ग

संध्याबाई भोये यांच्याबद्दल आमच्या कॉलनीत जेवढ्या गोष्टी पसरल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्याच गिरणीतून बाहेर पडल्या. माझा नाइलाज आहे. सातपूरला कामगारांच्या वस्तीत पिठाची गिरणी चालवायची, म्हणजे दळण होईपर्यंत उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी सांगावंच लागतं. पट्टा घरघरत असतो, त्यामुळे ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट एकाच्याच कानात राहत नाही. आज मात्र लिहितोय ते सगळं खरं आहे. खोटं सांगायला मला कागद लागत नाही.

बाई मूळच्या सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या. वडील पुंजा भोये भात झोडून झालं की बायकोला घेऊन जीपने खाली उतरायचे आणि द्राक्षांच्या बागांत राबायचे. मुलीला मात्र त्यांनी आश्रमशाळेत ठेवलं. ती मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या खिडकीत लागली. ट्रक आला की कागद बघायचे, माल चढला की शिक्का मारायचा. साहेब लोक कुठून कुठून आलेले, त्यामुळे खिडकीच्या आतलं बोलणं इंग्रजीत आणि बाहेरचं ड्रायव्हर लोकांच्या भाषेत. मधोमध बाई. वडील गेल्यावर आई भागीबाईला घेऊन त्या माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. ही नव्वद-एक्याण्णव सालची गोष्ट.

आमची ओळख नागलीवरून, म्हणजे नाचणीवरून झाली. नागली दळल्यावर जात्यात काळसर पीठ राहतं, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हात उतरतं, आणि मग त्याची बायको काळपट पोळी नाचवत माझ्या दारात येते. म्हणून नागलीचा डबा मी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचो. भागीबाई दर आठवड्याला यायची आणि दर आठवड्याला सगळ्यांच्या मागे बसून राहायची. एके दिवशी संध्याबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "धोंडीरामभाऊ, सोमवारी सकाळी तुम्ही जात्याला टाकी लावता, दगड ठोकून साफ करता. त्याच्या आधी आईचा डबा घ्या, मग खुशाल टाकी लावा." आवाजात राग नाही, विनवणीही नाही. माझ्यासारख्या माणसाला उलटं बोलायला जागाच ठेवली नाही. त्या सोमवारपासून भागीबाईचा पहिला नंबर.

बाईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, याची माझ्याकडे चार कारणं होती आणि गिऱ्हाईक बघून मी त्यांतलं एक सांगायचो. नव्वदचं दशक सरता सरता त्यांचा कारखाना बंद पडला. मग त्यांनी घरी इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या, पण बाई हसत नाहीत म्हणून पोरं टिकेनात. त्या मांजरीशीसुद्धा इंग्रजीत बोलतात आणि मांजरीला ते समजल्यामुळेच ती घर सोडून गेली, असं मी सांगत असे. बाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मांजर कुणाकडे गेली ते तरी सांगा.

आता माझ्या धाकट्या भावाकडे येतो. केरू गोटीराम शेठच्या ट्रान्स्पोर्टमध्ये ट्रक चालवायचा. ट्रकवाल्यांची एक रीत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. तळावर गाड्यांचे नंबर लागतात. ज्याचा नंबर वर, माल त्याचा. शेठने "जातो का?" म्हणून विचारलं आणि ड्रायव्हर नाही म्हणाला, तर तो गेला पार शेवटाला. त्यामुळे प्रश्न पुरा व्हायच्या आत "हो शेठ" म्हणायची सवय जिभेलाच लागते. अंगात ताप असो, ब्रेक ढिला असो, घरी बहिणीचं लग्न असो. शेठही विचारायचं म्हणून विचारतो. उत्तर ऐकायला तो थांबतोच कशाला.

दोन हजार एक साली केरू इंदूरहून माल घेऊन आला आणि अंग टेकायच्या आत "हो शेठ" म्हणून भिवंडीला निघाला. कसारा घाटात स्टिअरिंगवरच त्याचा डोळा लागला. गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. जीव वाचला, पाय मोडला. पाय बरा झाल्यावर शेठने त्याला कामावर घेतलं, पण लांबच्या लाईनवरून काढलं ते काढलंच. सातपूर ते अंबड, अंबड ते सिन्नर, एवढीच धाव. बाकीचे ड्रायव्हर त्याला "शहर बस" म्हणायला लागले. तळावर सगळे बसून जेवायचे तिथे हा जाईना. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचा. लाईन परत मिळणार की नाही, हा एकच विषय आमच्या घरात उरला. त्याची बायको मनीषा मात्र त्या विषयावर अवाक्षर बोलत नसे.

दोन हजार तीनला गोटीराम शेठला सातपूरच्या एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. यंत्रांचे सुटे भाग चेन्नईजवळच्या कारखान्यात पोचवायचे. तिकडे ना मराठी चालते ना हिंदी. फाटकावरचा गार्ड, माल उतरवणारा, रस्त्यात गाडी बंद पडली तर फोनवरचा माणूस, सगळ्यांशी चार शब्द इंग्रजीत बोलता आले पाहिजेत, अशी कंपनीची अट. तिकडचे एक साहेब येऊन प्रत्येक ड्रायव्हरची तोंडी परीक्षा घेणार आणि पास होईल तोच त्या लाईनवर जाणार. शेठला एकदम डिस्पॅचच्या खिडकीतल्या बाई आठवल्या. तळावरचे लोक म्हणायचे, की साऱ्या सातपुरात ती एकच खिडकी होती जिथे ड्रायव्हरला "अहो" म्हणायचे.

बाई तयार झाल्या. दहा-बारा ड्रायव्हर त्यांच्या खोलीत मावेनात, म्हणून वर्ग माझ्या गिरणीच्या ओट्यावर आला. मी मोठ्या मनाने म्हणालो की वर्गाच्या वेळेला गिरणी बंद ठेवतो. बाई म्हणाल्या, "मुळीच नको. कंपनीच्या फाटकावर काय देवळातली शांतता असते? इथे ऐकू आलं तरच तिथे ऐकू येईल." झालं. दुपारी गिरणीची घरघर आणि तिच्यावर ताण करून ओरडणारे ड्रायव्हर. गिऱ्हाइकं कानात बोटं घालून दळण टाकायची, पण एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट जरा जास्तच वेळ थांबायला लागली.

केरूही यायला लागला. शेठने त्याला बोलावलं नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं की ओटा तुमच्या भावाचा आहे, तुम्हाला कोण उठवतं ते बघू.

पहिला आठवडा म्हणजे नुसता तमाशा. येवल्याकडचा मंगळू म्हणून एक दांडगा ड्रायव्हर होता, मिशी अशी की ट्रकच्या आधी मिशी वळायची. बाईंनी त्याला गाडीचा नंबर विचारला. तो म्हणाला, "यस सर." ब्रेक फेल आहे का, विचारलं. "यस सर." सगळ्यांचं तेच. काय विचारलंय हे समजायच्या आत "यस सर" बाहेर. शेवटी बाईंनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता मंगळूला इंग्रजीत विचारलं की तुम्ही मेला आहात का. मंगळूने छाती पुढे काढून "यस सर" म्हटलं. मी हसून हसून पोत्यावर आडवा झालो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि त्या दिवसापुरता वर्ग सोडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं की आठवडाभर "यस" बंद. फक्त "नो सर". तेही नुसतं म्हणून गप्प बसायचं नाही. आधी "नो सर", मग का नाही ते, आणि शेवटी काय जमेल ते. तीन तुकडे. तीनही झाल्याशिवाय कुणी खाली बसायचं नाही. नाही म्हणायला समोर साहेब लागतो, तर साहेब म्हणून मला बसवलं. गव्हाच्या पोत्यावर, डोळ्यांवर काळा चष्मा. माझं इंग्रजी शाळेत कुठे सांडलं ते मलाही आठवत नाही, पण साहेबासारखं खेकसायला इंग्रजी लागत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

गंमत म्हणजे त्या पैलवानांना ते जमेना. "नो" म्हणताना मंगळूचे हात आपोआप जोडले जात. दुसरा एक जण म्हणाला, "म्याडम, शब्द येतो, पर त्वांड वळत नाय." रात्रंदिवस घाट उतरवणारी माणसं, पण पोत्यावर बसलेल्या गिरणीवाल्याला नाही म्हणताना घामाघूम. केरूची तर जीभच उचलेना. बाई त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "घाई नाही. गाडी न्यूट्रलला ठेवा, मग बोला."

हळूहळू आवाज फुटायला लागला. आणि बरोब्बर त्याच वेळी एका दुपारी गोटीराम शेठ वर्ग बघायला आले. कोपऱ्यावर त्यांची गाडी थांबली तेव्हा त्यांचे सगळे ड्रायव्हर एका सुरात "नो सर" म्हणून ओरडत होते आणि मी पोत्यावरून त्यांना शिव्या घालत होतो. शेठ चपला न काढताच ओट्यावर चढले.

"बाई, मी यांना कंपनीचं इंग्रजी शिकवायला सांगितलं होतं."

"कंपनीचंच आहे, शेठ."

"कंपनीला नाही म्हणणारा ड्रायव्हर कोणी दारात उभा करतं का?"

बाईंनी मला गिरणी बंद करायला खूण केली. वर्ग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मग त्या म्हणाल्या, "शेठ, मी इतकी वर्षं खिडकीत बसले. गाडी निघताना 'ऑल ओके' विचारायचं हे माझं काम होतं. एकाही ड्रायव्हरने मला कधी नाही म्हटलं नाही. सगळ्यांचं सगळं ओके. आणि मग कुठल्यातरी घाटातून फोन यायचा. तोही मीच उचलायचे."

शेठने केरूकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. माणूस वाईट नव्हता, पण धंदेवाला होता. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की शिकवायचं ते शिकवा, पण परीक्षेच्या दिवशी साहेबापुढे एकाने जरी नाही म्हटलं तर हा वर्ग बंद, आणि त्या माणसाला सिन्नरचीसुद्धा गाडी मिळणार नाही. जाताना केरूला वेगळं सांगितलं, की तुलाही परीक्षेला बसवतो, ही शेवटची संधी समज.

मी त्या संध्याकाळी केरूला समजावलं की बाईंचं इंग्रजी चांगलं आहे, पण पोटाला शेठ आहे. तो बाईंकडे गेला आणि काय करू म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं, "मी वाक्य शिकवलं. ते कधी म्हणायचं, हे गाडी चालवणाऱ्याने ठरवायचं." हे उत्तर ऐकून मी बाईंवर चांगलाच चिडलो होतो.

परीक्षेच्या दिवशी केरू डबा घरीच विसरला. म्हणजे मी पिशवीतून काढून ठेवला होता, नाहीतर मला कंपनीच्या आत कोण सोडणार. माल चढवायच्या जागेपाशीच टेबल-खुर्ची मांडून साहेब बसले होते. किडकिडीत माणूस, कपाळाला भस्माची बारीक रेघ, समोर फोन. बाजूला गोटीराम शेठ असे उभे, जणू परीक्षा त्यांचीच आहे. मंगळू पास झाला. त्याने एक-दोन ठिकाणी मिशीवरच भागवलं, पण झाला.

केरूचे डोळे लाल होते. आदल्या रात्री सिन्नरहून येताना गाडी बंद पडली होती आणि रात्रभर रस्त्यावर उभं राहून, पहाटे ती दुरुस्त करून, घरी फक्त तोंड धुऊन तो इथे आला होता. साहेबांनी विचारलं ते सगळं त्याने नीट सांगितलं. नाव, गाडी, सील कुठे बघायचं, टायर फुटला तर कोणाला फोन करायचा. साहेब "गुड" म्हणाले. शेठचा चेहरा उजळला. मी डब्याची पिशवी छातीशी धरून उभा.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब चेन्नईला काहीतरी बोलले, घड्याळ बघितलं आणि केरूला म्हणाले, "फर्स्ट लॉरी यू टेक. कॅन यू स्टार्ट नाऊ?"

दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवलेल्या माणसापुढे लाईन वाढून ठेवली होती. फक्त घास उचलायचा होता. मी मनातल्या मनात "यस सर, यस सर" असा जप सुरू केला. केरूने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, आता म्हणेल. त्याने मान वर केली.

"नो सर."

एवढं म्हणून तो थांबला नाही. "फुल नाइट आय नो स्लीप. आय ॲम नॉट फिट टू ड्राइव्ह नाऊ. आय स्लीप. टुमॉरो मॉर्निंग फाइव्ह ओक्लॉक, आय स्टार्ट." आणि हे सगळं गिरणीवर शिकलेल्या आवाजात. वर क्रेन चालवणाऱ्याने क्रेन थांबवून खाली वाकून बघितलं.

गोटीराम शेठ टेबलावर जवळजवळ आडवेच झाले. "यस सर, यस सर, ही विल गो, सर." आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला शब्द त्यांच्याही जिभेला लागला होता तर.

साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं आणि केरूकडे बघितलं. म्हणाले, "फाइव्ह. नॉट सिक्स." मग फोन उचलून तिकडे गाडी सकाळी निघेल असं सांगितलं आणि पुढच्या ड्रायव्हरला बोलावलं.

एवढंच. ज्या शब्दापायी आम्ही सगळे आठवडेच्या आठवडे घाबरलो होतो, त्याचं त्या माणसाला काहीच वाटलं नाही. गाडी कधी निघेल ते त्याला हवं होतं, ते कळलं, काम संपलं. शेठ रुमालाने मान पुसत एकदा साहेबांकडे, एकदा केरूकडे बघत राहिले.

केरू बाहेर येऊन एका जुन्या टायरवर बसला. मी डबा उघडून दिला, तो त्याने शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, सगळ्या ड्रायव्हरांच्या मधे बसून. कुणी त्याला "शहर बस" म्हणालं नाही. मलाही एकसुद्धा चेष्टा सुचली नाही, आणि हे माझ्या बाबतीत आजार समजण्यासारखं आहे.

मी धावत बाईंना सांगायला गेलो. त्या दारात बसून सुपात नागली पाखडत होत्या. सगळं रंगवून सांगितलं, क्रेनवाल्यासकट. बाईंनी विचारलं, "तिसरा तुकडा म्हणाला का?"

"म्हणाला. पहाटे पाचला निघतो म्हणाला."

"मग झालं."

भागीबाई आतून म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ दे. पोरगा झोपला का?"

पोरगा खरंच झोपला होता. दुपारपासून जो झोपला तो पहाटे उठला आणि पाचला निघाला. चेन्नईला पोचला, परत आला, पुन्हा गेला. वर्ग बंद पडला नाही. पुढची कितीतरी वर्षं ओट्यावर नवे नवे ड्रायव्हर येत राहिले, दुसऱ्या ट्रान्स्पोर्टचेही. गोटीराम शेठ बदलले असं मी म्हणणार नाही, पण गाडी लावताना "जातो का?" विचारलं की आता ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत क्षणभर उभे राहतात. कोणी नाही म्हटलं तर कपाळाला आठी पडते, नंबर मात्र जात नाही.

बाईंचे आभार कसे मानायचे, हे आमच्या घरात कुणाला जमेना. मी दळणाचे पैसे नको म्हणालो तर त्यांनी डबा दुसऱ्या गिरणीत नेण्याची धमकी दिली. केरू पाया पडायला गेला तर त्याला सरळ उभं करून चेन्नईचा पत्ता इंग्रजीत म्हणायला लावला.

शेवटी मनीषा गेली. केरू चेन्नईच्या तिसऱ्या की चौथ्या खेपेला गेला होता. माझी खोली आणि बाईंची खोली यांच्या मधे एक पत्रा आहे, त्यामुळे मी ऐकत होतो असं कुणी म्हणू नये, ऐकू येत होतं. मनीषा दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही यांना काय इंग्रजी शिकवलं, ते मला समजत नाही. कसाऱ्याला गाडी घासली त्याच्याआधीही हे बाहेर गेले की माझा डोळा लागायचा नाही. यांना लाईन परत मिळू नये असंच मला वाटायचं. कुणाला सांगता आलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आता हे गेले तरी मी झोपते."

गोटीराम शेठला, मला, अख्ख्या सातपूरच्या ड्रायव्हरांना निरुत्तर करणाऱ्या बाई घाईने उठल्या. "बस, चहा टाकते" म्हणाल्या, आणि आत जाऊन कितीतरी वेळ चहाचं भांडंच शोधत राहिल्या.